दिवाळीच्या हंगामापुरती कापड दुकानातील पहिली नोकरी: सांगितल्यापलीकडचे काम किती करावे?

कृष्णाकाठचा विद्यार्थी (सांगली)

नमस्कार. मी 17 वर्षांचा असून बारावीच्या वाणिज्य शाखेत शिकतो. सहामाही परीक्षा संपताच कापड पेठेतील एका जुन्या साडीच्या दुकानात दिवाळीच्या हंगामापुरता, म्हणजे साधारण 20 दिवसांसाठी, कामाला लागलो आहे. ही माझी पहिलीच नोकरी आहे. रोजची हजेरी 400 रुपये ठरली आहे. गिऱ्हाइकांना पाणी देणे, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालून त्या मांडणीत परत लावणे, माळ्यावरून गठ्ठे उतरवणे आणि गर्दी वाढली की गादीवर बसलेल्या सेल्समनच्या हातात हवा तो माल देणे, एवढेच माझे काम आहे. साड्या दाखवणे किंवा विकणे माझ्याकडे नाही.

कामाला लागताना वडिलांनी सांगितले होते की जेवढे सांगतील त्यापेक्षा चार कामे जास्त करावीत, म्हणजे लोक नाव काढतात. मी ते मनावर घेतले आणि आता तीन गोष्टींमुळे गोंधळलो आहे.

पहिली गोष्ट अशी, की कवठेमहांकाळकडच्या एक आजी हिरवी इरकल नऊवारी घेण्यासाठी आल्या होत्या. आमच्या दुकानातील सर्वांत जुन्या सेल्समनना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी 25-30 साड्या उलगडून दाखवल्या, पण आजींच्या काही मनास येईना आणि शेवटी त्या उठून पायरीवर चपला घालू लागल्या. त्या स्वतःशी कन्नडमध्ये पुटपुटत होत्या. माझी आजी अथणीकडची असल्यामुळे मला कन्नड समजते, म्हणून मी विचारले, तेव्हा कळले की त्यांना रेशमी झळाळीची नको होती, सुती अंगाची आणि टोपपदराची (इरकलीच्या खास नक्षीच्या पदराची) हवी होती; 'हिरवी' या एका शब्दापलीकडे त्यांना मराठीत नीट सांगता आले नव्हते. तसा एक गठ्ठा मी सकाळीच माळ्यावर पाहिला होता. मी धावत जाऊन तो आणला आणि आजींनी दोन साड्या घेतल्या. मालक हसले, परंतु अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एका गृहस्थांना मुलासाठी झब्बा हवा होता, जो आम्ही ठेवत नाही. झब्बे मिळणारे दुकान कोठे आहे हे त्यांना समजेना, म्हणून मी त्यांना पुढच्या गल्लीतील दुकानापर्यंत पोचवून आलो. परतल्यावर मालकांनी एकही शब्द न बोलता घड्याळाकडे पाहिले.

तिसरी गोष्ट रात्रीची आहे. दुकान साडेनऊला बंद होते. पहिले दोन दिवस मी आपणहून थांबून साडेदहापर्यंत घड्या घातल्या. आता बाकीचे मदतनीस साडेनऊला निघून जातात आणि ढीग माझ्यासाठी ठेवलेला असतो.

यातील कोणते काम करण्याजोगे होते आणि कोणते मूर्खपणाचे होते, हे ज्यांनी दुकानात काम केले आहे किंवा दुकान चालवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

मोती चौकातला दुकानदार (सातारा)

मी गेली 22 वर्षे साताऱ्यात तयार कपड्यांचे दुकान चालवतो आणि दर दिवाळीला तुझ्या वयाची तीन-चार मुले हंगामापुरती ठेवतो. त्यामुळे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला काय दिसते, तेवढे मी सांगू शकतो.

आजींच्या बाबतीत तू जे केलेस ते उत्तम होते. तू धावलास म्हणून ती विक्री झाली असे मात्र समजू नकोस, कारण धावणारी मुले हंगामात पैशाला पासरी मिळतात. त्यांना काय हवे होते हे तू ऐकलेस आणि सकाळी गठ्ठे उतरवताना माळ्यावर काय आहे हे डोळ्यांत साठवून ठेवले होतेस, या दोन गोष्टी जुळल्या म्हणून जाणारे गिऱ्हाईक परत बसले. सीमेलगतच्या बाजारात कन्नड येणारा मुलगा ही मालकासाठी मोठीच सोय असते, आणि कामाला लागताना तू हे त्यांना सांगितले नसशील तर आता सांग.

झब्ब्याच्या बाबतीत तुझा हेतू चांगला होता, पण पद्धत चुकली. शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवले याचा राग शहाण्या मालकाला येत नाही. आम्ही स्वतः रोज दोन-चार जणांना 'आमच्याकडे नाही, अमुक ठिकाणी पाहा' असे सांगतो. राग येतो तो भर गर्दीत पंधरा मिनिटे माणूस कोठे गेला हे कोणालाच माहीत नसते त्याचा. उलगडलेला माल समोर पडलेला असतो, त्यावर चार हात पडत असतात आणि लक्ष ठेवणारा मुलगा गल्लीत असतो. अशा वेळी गल्ल्यापाशी येऊन विचारावे. तुला कदाचित ठाऊक नसेल, पण पेठेतील दुकानदार एकमेकांकडून नग मागवून गिऱ्हाइकाला बसल्या जागी दाखवतात आणि हिशेब रात्री मिटवतात. मालकांनी 'बसवून घे, मागवतो' म्हटले असते तर त्या गृहस्थांची पायपीट वाचली असती आणि दुकानालाही चार पैसे सुटले असते.

आता माझ्या मते खरे जास्तीचे काम कोणते ते सांगतो, कारण ते कोणाच्या नजरेत भरत नाही. आमच्याकडे 38 मापाचा शर्ट 40 च्या गठ्ठ्यात गेला की तो दिवाळी संपेपर्यंत हरवल्यातच जमा असतो. दुकानात असूनही आम्ही दहा गिऱ्हाइकांना 'माप संपले' असे सांगतो. जो मुलगा घडी घालताना चिठ्ठीवरचे माप वाचतो आणि नग जिथल्या तिथे ठेवतो, त्याने दिवसभरात किती विक्री वाचवली याची नोंद कोठेही होत नाही, पण हंगामानंतर माल मोजताना त्याची बाजू वेगळी दिसते. तुमच्याकडे माप नसले तरी पोत आणि किंमत असतेच. दुसरे म्हणजे, खेड्यावरून आलेल्या माणसाच्या डोक्यात परतीची एसटी असते. साखर कारखान्याचा उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की एकेका गावातून घरेच्या घरे बाजाराला येतात, आणि त्यांना फॉल-पिको किती वाजता मिळेल हे खरे सांगणे, 'होईल हो' असे न म्हणता पिको करणाऱ्याला विचारून येऊन सांगणे, हे पाण्याच्या ग्लासापेक्षा मोलाचे आहे.

रात्री थांबण्याबद्दल मी फारसे मनावर घेणार नाही. मी तेराव्या वर्षी वडिलांच्या दुकानात उभा राहिलो आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आम्ही दुकानातच झोपत असू. हंगामाचे 20 दिवस असेच असतात.

गादीवरचा निवृत्त माणूस (मिरज)

वरील दुकानदारांनी मालकाची बाजू सांगितली आहे. मी 31 वर्षे साड्यांच्या गादीवर बसलो आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर उठलो, तेव्हा अण्णांची बाजू मी मांडणे योग्य होईल.

बाळ, 30 साड्या उलगडणे म्हणजे नुसते हात चालवणे नव्हे. समोर बसलेल्या बाईंचा खिसा केवढा आहे, त्या स्वतःसाठी घेत आहेत की देण्याघेण्यासाठी, सोबत आलेल्या सूनबाईंचे मत चालते की नाही, हे सगळे पहिल्या चार साड्यांत ओळखावे लागते, आणि तरीही कधी कधी अंदाज चुकतो. अण्णांचा त्या दिवशी चुकला. भाषेची अडचण त्यांच्या लक्षात आली नाही, ही त्यांची उणीव मी झाकत नाही. परंतु हंगामापुरत्या आलेल्या मुलाने सर्वांसमक्ष, मालकांच्या नजरेसमोर, त्यांच्याच गिऱ्हाइकाला परत बसवले, हे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कसे लागले असेल याचा विचार कर. काही दुकानांत विक्रीवर सेल्समनला थोडीफार रक्कमही मिळते. तुमच्याकडे तशी पद्धत असेल, तर त्या दोन साड्या कोणाच्या नावावर लागल्या हेही पाहावे लागेल.

तेच काम तुला दुसऱ्या रीतीने करता आले असते. आजी चपला घालत असताना तू त्यांच्याशी बोललास ते बरोबरच होते. त्यानंतर माळ्याकडे धावण्याऐवजी अण्णांच्या कानाशी वाकून एवढेच म्हणायचे होते, 'अण्णा, त्यांना सुती अंगाची हवी आहे, माळ्यावर सकाळी एक गठ्ठा पाहिला होता, आणू का?' गठ्ठा तूच आणला असतास, साडी मात्र अण्णांनी उलगडली असती. आजींना साडी मिळालीच असती, मालकांनाही सगळे दिसलेच असते, कारण गल्ल्यावरून सगळेच दिसते, आणि अण्णांनी दुसऱ्या दिवशी तुला शेजारी बसवून इरकलीचा टोपपदर कसा ओळखावा हे शिकवले असते.

आणखी एक गोष्ट आहे. तू 20 दिवस पळणारा घोडा आहेस आणि ते बारा महिने ओढणारे बैल आहेत. तू ज्या वेगाने जिना चढतोस त्या वेगाची अपेक्षा तू गेल्यावर त्यांच्याकडून झाली, तर ते त्यांना झेपणार नाही, आणि ही भीती ते बोलून दाखवणार नाहीत. तुझा उत्साह कमी कर असे मी म्हणत नाही. तो कोणाच्या डोक्यावर पाय ठेवून जातो आहे का, एवढे पाहा.

घड्यांच्या ढिगाबद्दल भांडण करू नकोस. नऊ वाजता, सगळे असतानाच, एका रांगेला हात घाल आणि शेजारच्याला सांग की ही रांग माझी, ती तुमची. जे काम तू सगळे निघून गेल्यावर करतोस, ते तुझेच होऊन बसते.

वकिली करणारी (सांगली)

दोन्ही प्रतिसाद अनुभवाचे आहेत, पण मूळ प्रश्नातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यावर एकानेही बोट ठेवलेले नाही. प्रश्न विचारणारा 17 वर्षांचा आहे आणि तो रात्री साडेदहापर्यंत काम करतो आहे.

बाल व किशोरवयीन कामगारांविषयीचा 1986 चा केंद्रीय कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार 14 वर्षे पूर्ण झालेली, परंतु 18 पूर्ण न झालेली व्यक्ती किशोरवयीन ठरते आणि तिला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते, म्हणजे साडीच्या दुकानात तुला ठेवण्यात गैर काही नाही. मात्र अटी स्पष्ट आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते. ही विश्रांती धरून दिवसाचा एकूण काळ सहा तासांपेक्षा जास्त असता कामा नये. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम देता येत नाही, जादा वेळ थांबवून घेता येत नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी द्यावी लागते. मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाचे आणि विश्रांतीचे तास यांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी मालकावर असते. (तुझा एखादा मित्र फटाक्यांच्या कामावर असेल तर त्याला हेही सांग, की ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थांशी संबंधित काम 18 वर्षांखालील मुलांना मुळातच निषिद्ध आहे.)

त्यामुळे रात्रीच्या त्या तासाला मी उत्साह किंवा निष्ठा म्हणणार नाही. काम मनापासून करणे वेगळे आणि तास फुकट देणे वेगळे. पहिल्यात तुझे कसब वाढते, दुसऱ्यात फक्त दुकानाचा खर्च वाचतो. तू मालकांशी भांडावेस असे मला सुचवायचे नाही. वडिलांना सोबत घेऊन दुपारच्या निवांत वेळी जा आणि वेळ बदलून मागा. पुष्कळ छोट्या दुकानदारांना हा नियम खरोखरच ठाऊक नसतो, आणि सांगितल्यावर बहुतेक जण ऐकतात, कारण तपासणी झाली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते.

मोती चौकातला दुकानदार (सातारा)

वकीलबाईंचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल, पण दिवाळीच्या बाजाराची खरी गर्दी संध्याकाळी सहानंतर सुरू होते. सातला मुलगा घरी गेला तर त्याला हंगाम दिसलाच नाही असे म्हणावे लागेल. आम्ही ज्या गर्दीत शिकलो ती दुपारी दोन वाजता नसते.

वकिली करणारी (सांगली)

गर्दी कोणत्या वेळी असते याबद्दल वाद नाही. 18 पूर्ण झालेली मुले संध्याकाळी ठेवावीत आणि 17 च्या मुलाला दुपारी ठेवावे. खेड्यावरच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात परतीची एसटी असते, असे आपणच वर लिहिले आहे, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आपण तेराव्या वर्षी वडिलांच्या दुकानात होता, घरच्या माणसांत. हा मुलगा हजेरीवर आहे आणि त्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

तासगावची गृहिणी

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडेसे लिहिते. काही वर्षांपूर्वी मी सांगलीतच एक गडद जांभळी साडी जवळजवळ पक्की केली होती. घडी घालण्यासाठी उचलताना तिथल्या पोरसवदा मदतनिसाने हळूच सांगितले की मावशी, आतल्या पट्ट्यात एक धागा ओढला गेला आहे, दुसरा नग पाहून घ्या. सेल्समनच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने दुसरा नग काढून दिला. मी आजही त्याच दुकानात जाते, आणि तो मुलगा आता तिथे नाही. तेव्हा दोष दिसला तर सांगावा, फक्त वर मिरजेच्या काकांनी म्हटल्याप्रमाणे आधी सेल्समनच्या कानात सांगितला तर दोघांचीही लाज राहील.

कृष्णाकाठचा विद्यार्थी (सांगली)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला भाऊबीज उजाडली, कारण दरम्यान बरेच काही बदलले.

वडिलांना घेऊन मी मालकांना भेटलो. ते सुरुवातीला नाराज झाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दुपारी 12 ते 6 अशी वेळ दिली आणि मधला 3 ते 4 हा तास जेवणासाठी मोकळा ठेवला. हजेरी 400 ऐवजी 300 झाली. साताऱ्याच्या काकांनी म्हटले ते खरेच आहे, धनत्रयोदशीला मी निघालो तेव्हा पायरीवर चपलांना जागा उरली नव्हती आणि आत काय चालले असेल याची मला रात्रभर चुटपुट लागून राहिली. रात्रीच्या घड्या आता वीस वर्षांच्या दुसऱ्या मदतनिसावर आल्या आहेत, याचेही मला बरे वाटत नाही. मी निघण्यापूर्वी त्याच्या रांगेतील अर्ध्या घालून जातो, पण तेवढ्याने भागत नाही हे मला दिसते.

अण्णांशी मी लगेच बोलू शकलो नाही. दोन दिवस धीर गोळा केला आणि तिसऱ्या दिवशी चहा देताना सांगितले की त्या आजींच्या वेळी मी आधी तुम्हाला विचारायला हवे होते. त्यांनी 'हं' एवढेच म्हटले. नंतर वसुबारसेला कर्नाटकातील कागवाडकडचे एक कुटुंब आले, तेव्हा त्यांनी गादीवरूनच मला हाक मारली आणि 'यांना काय पाहिजे ते नीट विचारून घे' असे सांगितले. मी विचारले, साड्या त्यांनी उलगडल्या. त्या दोन साड्यांबद्दलही कळले. आमच्याकडे विक्रीवर काही मिळत नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

पुढच्या वर्षी बोलावतील का, हे मी विचारलेले नाही आणि त्यांनीही सांगितलेले नाही.

जाता जाता एक शंका आहे. शेवटच्या दिवशी मी जरीच्या साड्या जुन्याच मोडीवर, म्हणजे आधीच्याच घडीच्या रेषेवर, घडी घालून लावत होतो, तेव्हा अण्णांनी त्या सगळ्या माझ्याकडून उलगडून घेतल्या आणि वेगळ्या मोडीवर घालायला लावल्या. दुकान बंद व्हायची गडबड असल्यामुळे कारण विचारायचे राहून गेले. मिरजेच्या काकांना माहीत असेल.

गादीवरचा निवृत्त माणूस (मिरज)

माहीत आहे. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची बारीक तार असते, आणि धातू एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा दुमडला की तिथेच तुटतो. हंगामात न विकलेला जरीचा माल उन्हाळ्यातल्या लग्नसराईपर्यंत मांडणीतच पडून राहू शकतो. मोड बदलली नाही तर सहा महिन्यांनी साडी उलगडताच पदरावर आडवी चीर दिसते आणि तो नग निम्म्या किमतीलाही जात नाही. म्हणून हंगाम संपताना एकदा सगळ्या जरीच्या साड्या उलगडून, आधी जिथे मोड होती तो भाग घडीच्या मध्यावर येईल अशा बेताने पुन्हा घालतात आणि मऊ सुती कापडात बांधून ठेवतात. काठ आतल्या बाजूला राहील हेही पाहतात, म्हणजे मांडणीच्या लाकडावर जर घासत नाही. हे काम कंटाळवाणे असते आणि आम्ही ते हंगामी मुलांना देत नसू, कारण मोड कोठे होती हे न पाहताच ती घडी घालून मोकळी होतात. अण्णांनी तुला दिले.